धाकटीच्या दोन टाक्या

धाकटी त्रेचाळीस वर्षांची होती. पुढचे केस पांढरे झाले होते, जिना चढताना उजवा गुडघा कुरकुरायचा, आणि गेली अकरा वर्षं ती स्वतःची व्हॅन स्वतः चालवत होती. तरी घरात, दुकानात, अख्ख्या गल्लीत ती धाकटीच. दादाच्या वर्कशॉपमधले वेल्डर तिच्याच वयाचे, पण तेही तिला ‘धाकट्या ताई’ म्हणायचे. म्हणजे ताई म्हणून दिलेला मान धाकट्या म्हणून तिथल्या तिथे परत घ्यायचे.

धंदा तिचा गालिचे धुण्याचा. गालिचे धुणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बादली आणि ब्रश येतो. धाकटीचा कारखाना व्हॅनच्या पोटात होता. एका टाकीत ताजं पाणी. पंप ते पुढे ढकलायचा, वाटेत हीटर तापवायचा, एका छोट्या कॅनमधून त्यात साबण मिसळायचा आणि लांब पाइपातून ते गालिच्यावर फवारलं जायचं. मागोमाग दुसरा जाडा पाइप ते पाणी मळासकट ओढून दुसऱ्या टाकीत आणून टाकायचा. “मी पाण्याला फिरवून आणते,” ती सांगायची. “जाताना अंघोळ करून जातं, येताना कोळशाच्या खाणीतून येतं.”

दोन्ही टाक्या लोखंडी, आणि दोन्ही दादाने केलेल्या. दादा म्हणजे धाकटीचा मोठा भाऊ. खाली त्याचं वर्कशॉप, मागे दादा आणि वहिनीचं घर, वरच्या दोन खोल्यांत धाकटी. दादाचा सगळा जीव लोखंडात. फाटकं, जिने, खिडक्यांचे गज. त्याला परवानगी दिली असती तर उशाही लोखंडाच्या केल्या असत्या.

तर एका सकाळी सभागृहातून फोन आला, ‘जरा येऊन जा’. सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंचं असं होतं की राग जितका मोठा, तितका त्यांचा आवाज बारीक. त्या दिवशी ऐकायला धाकटीला कान पुढे करावा लागला.

“हे काय आहे?”

मधल्या वाटेवर, फिकट करड्या गालिच्यावर, नारिंगी ठिपके. एक नाही, दोन नाही. दारापासून रंगमंचापर्यंत ओळीने, कुणीतरी मोजूनमापून टाकल्यासारखे.

“मी धुवून गेले तेव्हा नव्हते,” धाकटी म्हणाली.

“तुम्ही परवा धुतलंत. काल गालिचा वाळला. आज हे उगवलं.” आवाज आणखी बारीक झाला. “मी तुम्हाला धुवायला बोलावलं होतं. छापायला नाही.”

बाईंनी मुदत दिली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी धाकटीने तीच वाट पुन्हा धुवून दाखवायची. वाळेपर्यंत बाई स्वतः बघणार. एक ठिपका उगवला की संबंध संपला.

सभागृह म्हणजे धाकटीचं निम्मं वर्ष. ते गेलं की व्हॅन नुसती दारात उभी करायची गोष्ट होती. आणि व्हॅन उभी राहिली की पुढे काय, ते दादाने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. वर्कशॉपच्या ऑफिसात फोनजवळ एक खुर्ची अकरा वर्षं रिकामी होती. “थकलीस की ये, बस, फोन उचल,” दादा म्हणायचा. दुसरं कुणी तिच्यावर टेकलं की त्याला उठवायचा. धाकटी त्या खुर्चीकडे, लोक दवाखान्याकडे बघतात तशी बघायची.

वर्कशॉपमध्ये येऊन तिने सांगितलं तेव्हा दादाने काळा चष्मा कपाळावर चढवला.

“गंज? माझ्या टाकीला?”

“ठिपके नारिंगी आहेत, दादा.”

“मग संत्र्याचा रस सांडला असेल कुणीतरी. लोक तिथे नाटक बघायला जातात की खायला, देव जाणे.”

“ओळीने सांडला? दारापासून रंगमंचापर्यंत?”

“पाणी खराब असेल. साबण खराब असेल. गालिचाच हलका असेल, रंग सोडत असेल. तीन मिलीचा पत्रा आहे तो! हत्ती आत बसवला तरी टाकी हूं की चूं करणार नाही.”

“मला हत्ती धुवायचा नाहीये.”

“विषय संपला,” दादा म्हणाला.

दादाचा विषय संपला की सगळ्या घराचा संपायचा, अशी तिथली रीत. धाकटी मुकाट्याने व्हॅनमध्ये चढली, ताज्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं आणि बगलेपर्यंत हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत वाळक्या पानांसारखे तांबडे पापुद्रे होते. दादा जेवायला बसला होता. तिने ते त्याच्या ताटाशेजारी कागदावर ठेवले.

वहिनीने वाकून बघितलं. “वन्सं, हे जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर?”

दादा हसला नाही. एक पापुद्रा त्याने चिमटीत धरला, तो चिमटीतच विरला. “आतून रंग मारून देतो,” तो म्हणाला. “दोन हात.” दादाला ‘चुकलं’ म्हणायचं असलं की ते असं रंगाच्या डब्यातून यायचं.

“रंग मागच्या वर्षी मारला होतास. त्याचीच सालं आता पंपाच्या जाळीत अडकतात. लोखंड काढून टाकणार आहे मी.”

“आणि बसवणार काय? पुठ्ठा?”

“अजून ठरलं नाही.”

“ठरवणार कोण?”

“मी.”

वहिनीच्या हातातली पळी हवेतच थांबली.

धाकटी टाकी बदलणार ही बातमी दोन दिवसांत गल्लीभर झाली, आणि ज्यांनी जन्मात टाकी बघितली ती फक्त गच्चीवरची, तेही तज्ज्ञ झाले. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाचा गाल अर्धा सोडून बाहेर आला. “फायबर घ्या ताई, फायबर! विमानात तेच असतं.”

“माझी व्हॅन उडत नाही हो.”

“आत्ता नाही उडत. पुढचं कुणी बघितलंय?”

टाक्यांच्या दुकानदाराला तर श्वास घ्यायला वेळच नसायचा. “काय सांगतो ताई प्लॅस्टिक घ्या गंज नाही रंग नाही वजन नाही आयुष्यभराची गॅरंटी.”

“कुणाच्या आयुष्याची?”

“ते आपण नंतर बघू.”

धाकटीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि प्रत्येकाकडे एकच मागितलं: तुकडा द्या. दुकानदाराने फुटक्या झाकणाचा प्लॅस्टिकचा तुकडा दिला. स्नानगृहाचे टब दुरुस्त करणाऱ्याने फायबरचा दिला. अॅल्युमिनियमचा आणि स्टीलचा तिने दादाच्या भंगारातून उचलला. लोखंडाचा घेणारच नव्हती, पण मग दादा पक्षपात झाला म्हणाला असता. पाच काचेच्या बरण्या खिडकीत मांडल्या, पाचांतही आपल्या टाकीतलं मळकं पाणी साबणासकट भरलं, एकेकीत एकेक तुकडा सोडला. रोज सकाळ-संध्याकाळ बरण्या कढत पाण्याच्या पातेल्यात ठेवायची. धुताना पाणी तापतं, तर तुकड्यांनीही तापावं.

दादा बघायला वर आला. “टाकी अशी बरणीत शिजवून निवडतात काय? तुला स्थळं आली होती तेव्हा मांडल्या होत्यास का बरण्या?”

“मांडल्या होत्या ना. सगळे विरघळले.”

आठव्या दिवशी बरण्या बोलायला लागल्या. लोखंडाला पाण्याच्या रेषेवर तांबडा पट्टा आला होता. फायबरची कड उसवून तिच्यातून केसासारखे धागे निघाले होते. प्लॅस्टिक आणि स्टील जसे गेले तसेच होते. अॅल्युमिनियम मात्र काळं पडलं होतं. पहिल्या दिवशी त्याला बारीक बुडबुडे फुटत होते तेव्हा धाकटीला गंमत वाटली होती. आता नख फिरवलं की खड्डे लागत होते. तिचा साबण तेलकट मळ खायचा, त्याच भुकेने हा धातू खात होता.

प्लॅस्टिक हलकं, हा मोठाच मुद्दा. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, त्यात लोखंडाचं ओझं, आणि चढावर व्हॅन म्हातारीसारखी कण्हायची. धाकटीने चपट्या, जाड प्लॅस्टिकच्या दोन टाक्या आणल्या, आतून आडव्या भिंती असलेल्या, म्हणजे वळणावर पाणी एका बाजूला धावून जाणार नाही. वर्कशॉपच्या शेडमध्ये व्हॅनशेजारी जमिनीवर ठेवूनच पाइप जोडले आणि मशीन चालू केलं.

आणि इथे धाकटीने स्वतः माती खाल्ली. बरणीने पाण्याचं सांगितलं होतं, ओढीचं नाही. मळक्या टाकीतून मशीन हवा खेचतं, तेव्हाच तर गालिच्यातलं पाणी मागे येतं. मशीनने हवा खेचली आणि टाकीने आधी गाल आत घेतले. मग कपाळ. मग ‘भप्प’ असा आवाज करून अख्खी टाकी स्वतःतच शिरली.

वहिनी कपडे वाळत घालत होती. ती दोन पावलं जवळ आली. “वन्सं, तुम्ही हिला काही बोललात का? किती मनाला लावून घेतलंय हिने!”

धाकटी तिथेच जमिनीवर बसून हसली, आणि हसता हसताच तिच्या डोक्यात दोन टाक्या वेगळ्या झाल्या. इतकी वर्षं त्या जुळ्या बहिणींसारख्या एकाच पत्र्याच्या होत्या म्हणून ती दोघींसाठी एकच उत्तर शोधत होती. ताज्या टाकीला ना ताप, ना साबण, ना ओढ. तिला प्लॅस्टिक चालतं. मळकीच्या वाट्याला सगळंच येतं: कढत पाणी, साबण, वर ओढ. तिला स्टीलच हवं.

तिने दादाला विचारलं. मोठा भाऊ, दारात वर्कशॉप. आधी त्यालाच विचारायला हवं.

“स्टील? ते भांडीवाल्यांचं काम,” दादा म्हणाला. “मी लोखंडाचा माणूस. विषय संपला.”

मग धाकटी भांडीवाल्याकडेच गेली. गावाबाहेर एक म्हातारे काका डेअऱ्यांसाठी दुधाच्या टाक्या करायचे. आयुष्यभर पत्रा ठोकून कान गेलेले, त्यामुळे गुपितही ओरडून सांगायचे.

“गरम पाणी? साबण? अगं, दुधाची टाकी रोज गरम सोड्याने धुतात! तीस वर्षं! काही होत नाही!”

“पण ओढ आहे, काका. आत हवा राहत नाही.”

“चपटी केलीस ना? तोंड वाकडं करून बसली ना? गोल करू! बाहेरून कडी घालू! मग बघू कोण ओढतो!”

“झाकण मोठं ठेवा. माझा हात खांद्यापर्यंत जायला हवा.”

“हात कशाला, तू जा!”

धाकटी बाहेरच्या माणसाकडून टाकी करून घेतेय हे दादाला कळायला एक दिवस पुरला. चार दिवस त्याने फाटकवाल्या गिऱ्हाइकांना परत पाठवलं, शेडचा पडदा ओढून घेतला आणि आत कोणालाही येऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांना हाक मारली. वेल्डर आले, वहिनी आली, न्हावी वस्तरा हातात घेऊनच आला. दादाने पडदा बाजूला केला.

अॅल्युमिनियमची टाकी. आरशासारखी. एकच लांबट टाकी, मध्ये भिंत.

“एका बाजूला ताजं, एका बाजूला मळकं,” दादा म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. “वजन निम्म्याहून कमी. गंज नाही म्हणजे नाही. बाजूंना आतून आधार दिलेत, ओढ सोसेल. हात लावून बघ.”

धाकटीने हात लावला. सांधे इतके सारखे होते की बोटाला कळतही नव्हते. दादाने लोखंड सोडून दुसऱ्या कशाला इतक्या मायेने हात लावलेला तिने जन्मात बघितला नव्हता. ‘ठेव गं,’ तिचं मन म्हणालं. ‘बसव. सोमवारचं सोमवारी बघू.’ सगळे तिच्याकडे बघत होते, न्हाव्याच्या तर डोळ्यांत पाणीच आलं होतं.

ती वर गेली आणि बरणी घेऊन खाली आली. तुकडा बाहेर काढून दादाच्या तळहातावर ठेवला. काळा, खड्ड्याखड्ड्यांचा.

“हे पंधरा दिवसांचं, दादा. तुझी मधली भिंत याचीच आहे. मळकं पाणी तिला एका बाजूने खात जाणार. तिला भोक पडलं की मळकं ताज्यात उतरेल, आणि मी ते सभागृहात फवारेन.”

“भोक पडणार नाही.”

“लोखंडही गंजणार नव्हतं.”

दादाच्या मानेवरची शीर उडायला लागली. “चार दिवस काम बंद ठेवून केली तुझ्यासाठी.”

“मला विचारलं असतंस तर एका मिनिटात सांगितलं असतं.”

“धाकट्यांना विचारून करायची असते का वस्तू?”

“त्यांच्या गाडीत बसवायची असेल तर, हो. फार सुंदर झाली आहे, दादा. पण माझ्या गाडीत ही बसणार नाही.”

“मग माझ्या शेडमध्ये तुझी गाडी बसणार नाही. विषय संपला!”

“तुझा संपला,” धाकटी म्हणाली. “माझा चालू आहे.”

ती व्हॅनमध्ये बसली. किल्ली दोनदा चुकली. गाडी चालू झाली तेवढ्यात वहिनीने पलीकडच्या खिडकीतून पान्यांची पेटी सीटवर ढकलली. “काम झालं की परत आणा हं. ती यांची आहे. यांना माहीत नाहीये.”

काकांच्या अंगणात दोन दिवस काम चाललं. प्लॅस्टिकची ताजी टाकी ड्रायव्हरच्या सीटमागे, पट्ट्यांनी आवळून. स्टीलची गोल मळकी टाकी मागच्या चाकांवर, खाली जाड रबर घालून. लोखंडी टाक्या उतरवताना चार माणसं लागली. मशीन चालू केलं, ओढ लावली. काका कमरेवर हात ठेवून टाकीकडे डोळे वटारून उभे राहिले. टाकी ढिम्म हलली नाही.

“घाबरली मला!” काका ओरडले.

परतताना पहिल्या सिग्नलला धाकटीने ब्रेक दाबला आणि धक्क्याच्या तयारीने पाठ ताठ केली. धक्का आलाच नाही. जुन्या टाकीत आडव्या भिंती नव्हत्या; अकरा वर्षं दर सिग्नलला पाणी मागून तिला ढोसत आलं होतं. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी ती दिवा हिरवा झालेला विसरून बसली.

सोमवारी सकाळी सभागृहात बाई खुर्ची घेऊन मधल्या वाटेच्या टोकाला बसल्या होत्या. धाकटीने न सांगता आधी पांढऱ्या वाडग्यात पाइप सोडला. पाणी बाईंना दाखवलं. बाईंनी त्यात रुमालाचं टोक बुडवलं आणि ते उजेडात धरलं.

“चालू करा.”

ती वाट धुवायला धाकटीला तास लागला. पंखे लावले. आणि मग सगळं हातातून सुटलं, कारण गंज ओल्या गालिच्यावर दिसत नाही. पाणी उडून जातं तसा तो वर येतो. तिला जे करता येण्यासारखं होतं ते करून झालं होतं. आता नुसतं बसायचं. बाई दर अर्ध्या तासाने उठायच्या, वाकायच्या, चष्मा वर करून बघायच्या, परत बसायच्या. दोन ठिकाणी धाकटीलाच नारिंगी काहीतरी दिसलं. एकदा ती दारावरच्या रंगीत काचेची सावली होती, एकदा काहीच नव्हतं.

दुपारी दारात दादा उभा राहिला. कामाच्याच कपड्यांत, हात पुसायचं फडकं खांद्यावर.

“पान्यांची पेटी सापडत नाहीये,” तो म्हणाला.

“व्हॅनमध्ये आहे.”

दादा पेटी घ्यायला गेला नाही. उंबऱ्यापाशीच घुटमळला. “दारात ती टाकी बघून लोक विचारतात, कुणासाठी केली.”

“सांग, धाकटीने नाकारली.”

“असं सांगू?”

“खरं तेच सांग. आणि मग म्हणावं, ताज्या पाण्यापुरती कुणाला हवी असेल तर फार सुरेख आहे. साबण लावू नका म्हणावं.”

दादाने तोंड उघडलं. काय येणार ते धाकटीला पाठ होतं. पण त्याने ते गिळलं.

चारच्या सुमाराला बाई शेवटचं उठल्या. दारापासून रंगमंचापर्यंत चालत गेल्या, परत आल्या. चप्पल काढून अनवाणी पुन्हा एकदा गेल्या. वाट कोरडी होती, आणि फिकट करडी होती, आणि बाकी काही नव्हती.

“ठीक,” बाई म्हणाल्या. नेहमीच्या आवाजात, त्यामुळे तो केवढा तरी मोठा वाटला. “वर्षाचा कागद करून टाकू. भाऊ आलेच आहेत, तर खाली त्यांचीही सही घेऊ. दरवर्षी असते.”

दादाचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

“या वर्षी नको,” धाकटी म्हणाली.

“इथे ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून ओळ आहे.”

“मग तिथेही मीच.”

“वरही तुम्ही, खालीही तुम्ही?”

“ताजी टाकी माझी, मळकीही माझी. डाग पडला तर मला बोलवा आणि जितकं बारीक बोलायचं तितकं बोला.”

बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि कागद पुढे सरकवला. धाकटीने दोन्हीकडे पूर्ण नावाने सही केली. ते नाव दादाने वाकून वाचलं, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

उजेड अजून होता. धाकटीने पाइप उचलला, बाजूच्या पट्ट्यावर पहिला फवारा मारला. कडेकडेने गालिचा ओला होत गेला. दादाला मशीनचा आवाज जवळून ऐकायचा असावा, किंवा नुसतं बहिणीजवळ यायचं असावं. त्याने उंबऱ्यावरून पाऊल उचललं.

“थांब! बूट काढ.”

“काय?”

“तळव्यांना लोखंडाचा कीस आहे, दादा. ओल्यावर पाय ठेवलास तर उद्या ठिपके उगवतील.”

दादाने पाय हवेतच ठेवून बाईंकडे बघितलं, कुणीतरी मोठं माणूस मध्ये पडेल या आशेने.

“काढा,” बाई म्हणाल्या. अगदी बारीक आवाजात.

दादा पायरीवर बसला आणि नाडी सोडायला लागला. “दोन्ही?” त्याने विचारलं.

“दोन्ही,” धाकटी म्हणाली, आणि मागे न बघता पुढचा पट्टा घेतला.